गेजवर शून्य, पंखात पीळ: आर्वी तालुक्यातल्या एका घरगुती विमानाचं प्रकरण

घरी जोडल्या जाणाऱ्या एका दोन आसनी विमानाचा उजवा पंख टेबलावर आहे. वरच्या पत्र्याचे एक तृतीयांश रिव्हेट मारून झाले आहेत. जोडणाऱ्याचा कोन मोजणारा डिजिटल गेज पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत शून्य दाखवतो, आणि गवंड्याची पाण्याची नळी सांगते की पंखाला अर्ध्या अंशाचा पीळ बसला आहे. दोघांपैकी खरं कोण, पीळ आला कुठून, आणि आता पंख उघडायचा की तसाच बंद करून पुढे जायचं, हे तीन प्रश्न या प्रकरणात आहेत.

मी नागपूरला विमानांच्या देखभालीचं काम करतो. या घराने जुलैमध्ये बोलावलं तेव्हापासून हे काम जवळून पाहतो आहे. माणसांची आणि गावाची नावं देत नाही. मोजमापं घरच्या वहीतली आहेत.

गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. कपाशी, तूर, सोयाबीन आणि थोडी संत्र्याची बाग. घरामागे कापूस ठेवायला बांधलेलं टिनाचं गोदाम आहे, तीच कार्यशाळा. विमान बांधणारा पस्तिशीतला शेतकरी, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. त्याचे काकाजी आयटीआयमधून फिटर ट्रेडचे निदेशक म्हणून निवृत्त झालेले. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि कामाची वही तिच्याकडे असते. कोणता भाग, कोणती तारीख, किती वाजता, कोणी मोजलं, काय निघालं, सोबत फोटो. या वहीनेच पुढे प्रकरण सोडवलं, म्हणून तिचा उल्लेख आधीच करतो.

विमान किटचं आहे. किट म्हणजे कारखान्यातून येणारे तयार सुटे भाग, ते घरी जोडायचे. विमान पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं, पंख वर असलेलं, पंखांना खालून स्ट्रटचा, म्हणजे तिरक्या दांड्यांचा आधार. पत्रा ६०६१-टी६ जातीचा, पंखावरचा तर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. बहुतेक भोकं कारखान्यातूनच पाडून येतात. घरी भोकं जुळवायची, क्लेकोंनी, म्हणजे भोकात बसणाऱ्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी, तात्पुरतं पकडायचं, सुटं करून बर, म्हणजे भोकाच्या कडेची धार, काढायची, प्रायमर लावायचा आणि मग पॉप रिव्हेट, म्हणजे आतला खिळा ओढून एकाच बाजूने बसवायचे पोकळ रिव्हेट, ओढायचे. वेल्डिंग जवळपास नाही. अमेरिकेत अशा विमानासाठी नियम आहे की अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंदासाठी केलेलं असावं. तिथे उड्डाणाच्या परवान्यानंतरही आधी चाचणी उड्डाणांचा टप्पा पूर्ण करावा लागतो. आपल्याकडे सगळं डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या हातात. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. घरी विमान बांधणाऱ्याला किती धीर धरावा लागतो, ते यावरून कळावं.

विदर्भात या विषयाला आणखी एक आठवण चिकटलेली आहे, ती टाळून लिहिणं मला बरोबर वाटत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुण वेल्डरचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं तुटून लागल्याने मृत्यू झाला. त्या मुलाच्या हातातल्या कसबाबद्दल मला आदरच आहे. पण कारखान्यात एका माणसाचं काम दुसरा तपासतो, तिसरा सही करतो आणि शंका आली तर काम थांबवायचा अधिकार त्यातल्या प्रत्येकाला असतो. गोदामात एकट्याने काम करणाऱ्याला ही माणसं स्वतःच उभी करावी लागतात. आर्वीच्या या घरात ती घरातूनच मिळाली, म्हणून मला हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं.

पीळ कसा सापडला

टेबल फेब्रुवारीत बसवलेलं होतं. लोखंडी अँगलचं, ४.२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, सहा पायांचं, वर जाड प्लायवूड. पाय गोदामाच्या कोब्यावर. बसवताना काकाजींनी पाण्याच्या नळीने सहाही पाय एका पातळीत आणले होते आणि त्याची नोंद वहीत आहे. डावा पंख याच टेबलावर एप्रिलअखेर बंद झाला. उजव्याचा सांगाडा, म्हणजे स्पार (पंखाची लांब तुळई) आणि रिब (तिला आडव्या लागलेल्या फासळ्या), मे महिन्यात उभा राहिला. मग मृगाचा पाऊस आला, पेरणी आली, काम थांबलं. जुलैत पुन्हा सुरू झालं तेव्हा पुतण्याने, म्हणजे विमान बांधणाऱ्याने, सांगाडा तपासला आणि पत्रा चढवायला घेतला.

तपासायची त्याची पद्धत अशी: गेज आधी टेबलावर ठेवायचा, तिथे शून्य करायचा, मग त्याच जागेवरच्या रिबवर ठेवून वाचायचं. पुढच्या रिबपाशी पुन्हा टेबलावर शून्य, पुन्हा वाचन. प्रत्येक रिबवर शून्य आलं. वहीत तशी ओळ आहे, वेळेसकट.

काकाजी त्या आठवड्यात आजारी होते. बरे होऊन गोदामात आले तेव्हा रिव्हेट सुरू झालेले. त्यांनी गेजला हात लावला नाही. स्पारच्या दोन्ही टोकांना ओळंबे सोडले आणि गावातल्या गवंड्याकडून नळी मागवली. नळीत पाणी भरून बुडबुडे काढले, दारातून ऊन येतं त्या बाजूने नळी जाऊ दिली नाही, कारण नळीचा एक भाग तापला की दोन्हीकडचं पाणी सारखं उभं राहत नाही. मुळाशी पुढची आणि मागची कड बरोबर निघाली. टोकाशी मात्र पुढची कड वर. १.४ मीटर रुंदीच्या पंखावर फरक १२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा अंश.

पुतण्या म्हणाला, "काकाजी, गेज तं झिरो दाखवून राहिला ना जी."

काकाजी म्हणाले, "गेज टेबलाले विचारून राहिला. टेबल कोनाले विचारून राहिलं?"

सगळं प्रकरण या दोन वाक्यांत आहे. पंख टेबलाशी तंतोतंत जुळत होता. टेबलच पिळलेलं होतं. दरवेळी टेबलावर शून्य केल्यामुळे टेबलाची चूक प्रत्येक वाचनातून आपोआप वजा होत गेली. ओळंबा आणि पाणी पृथ्वीला विचारतात, म्हणून ते फसले नाहीत. शिवाय नळीची अचूकताही कमी समजू नये. नीट वापरली तर ती मिलिमीटरपर्यंत सांगते, आणि १.२ मीटर रुंदीवर एक मिलिमीटर म्हणजे अंशाचा विसावा भाग. पुतण्याचा गेज दहाव्या भागाच्या खाली वाचतच नाही.

अर्धा अंश म्हणजे किती

बाहेरून बघणाऱ्याला अर्धा अंश काहीच वाटत नाही. पण पंखाचा छेद हवेला किती कोनात भिडतो यावर उचल ठरते, आणि उचलीचा गुणांक दर अंशाला साधारण ०.१ ने बदलतो. एका पंखाच्या टोकाला जास्त कोन असेल तर विमान सरळ उडताना सतत एका बाजूला झुकू पाहतं. तेवढं पायलट काठीने सांभाळून घेईल. खरी भीती उतरतानाची. वेग कमी, नाक वर, पंख उचलीच्या शेवटच्या मर्यादेजवळ. ज्या टोकाचा कोन जास्त ते टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे तिथली उचल एकदम कोसळते. काही विमानांत टोकाचा कोन मुद्दाम कमी ठेवतात, तो याचसाठी, की मुळाशी आधी स्टॉल व्हावा आणि टोकाकडचे एलेरॉन, म्हणजे विमान डावीउजवीकडे झुकवणारे मागच्या कडेचे हलते भाग, शेवटपर्यंत हातात राहावेत. इथे नेमकं उलटं झालं होतं. उजवं टोक आधी पडलं असतं, तेही जमिनीपासून थोड्याच उंचीवर, जिथे सावरायला जागा नसते. या जातीचं विमान कमी वेगात आणि थोड्या जागेत उतरण्यासाठीच बांधतात, त्यामुळे ही अवस्था त्याच्या वाट्याला दर उतरणीला येणार.

दुसरी गोष्ट अशी की पीळ नंतर काढता येत नाही. झाकण नसलेला बुटांचा खोका हाताने सहज पिळता येतो, झाकण चिकटवलं की नाही. पंखाचंही तसंच. खालचा पत्रा, स्पार आणि रिब असेपर्यंत तो लवचिक असतो. वरचा पत्रा पूर्ण रिव्हेट झाला की बंद पेटी तयार होते आणि त्या क्षणी जो आकार असेल तोच कायमचा होतो. म्हणून पत्रा बंद करण्याआधीची मोजणी या कामातली सगळ्यात महत्त्वाची मोजणी आहे, असं माझं ठाम मत आहे. इंजिनबद्दल सगळे विचारतात, याबद्दल कोणी विचारत नाही.

पीळ आला कुठून

पहिला संशय उन्हावर. मे महिन्यात आर्वीकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली तर विचारायलाच नको. अ‍ॅल्युमिनियम तापलं की वाढतं हे खरं, पण किती? चार मीटर लांबीचा पंख १५ अंशांनी तापला तर जेमतेम दीड मिलिमीटर लांब होतो. आणि सगळा सांगाडा सारखाच तापत असेल तर तो फक्त लांबतो, पिळत नाही. हा संशय काकाजींनी फळ्यावर गणित करून बाजूला सारला.

दुसरा संशय किटवर. भोकं कारखान्यातच चुकीची पडली असतील का? पण तसं असतं तर क्लेको ओढून ताणून बसवावे लागले असते, आणि वहीतल्या फोटोंत भोकं सरळ जुळलेली दिसत होती.

मग सहाही पायांवर नळी धरली. पाच पाय एकमेकांच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्ये. सहावा, पंखाच्या टोकाकडचा आणि पश्चिमेच्या भिंतीलगतचा, ११ मिलिमीटर वर. पंखाची पुढची कड त्याच बाजूला होती. फेब्रुवारीच्या नोंदीत हाच पाय बाकीच्यांच्या बरोबरीने होता. वहीतल्या या दोन ओळी शेजारी ठेवल्या आणि वाद संपला.

कारण सांगितलं ते गवंड्याने. पश्चिमेच्या बाजूला पत्र्याला पन्हाळ नाही. पावसाचं सगळं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं आणि तिथेच मुरतं. खाली काळी माती.

"काय्या मातीवर मुरमापर्यंत पाया नेल्याबिगर भिंत उभी राह्यत नाही भाऊ, तुमी तं टेबल ठेवलं," तो म्हणाला, आणि त्याच कोपऱ्यातली भिंतीची तिरकी भेग दाखवली.

कपाशीच्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती असते. उन्हाळ्यात ती आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात फुगते आणि वरचं बांधकाम उचलते. कोब्याखालची माती मधे कोरडी आणि कडेला ओली असेल तर कड आधी उचलली जाते. म्हणून अशा जमिनीत इमारतीसाठी खोल, खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने (सीबीआरआय) त्यावर बरंच काम केलं आहे आणि भारतीय मानक आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात त्याचे नियम आहेत. गावातल्या गवंड्याला यातलं कागदावरचं काही माहीत असण्याची गरज नव्हती. त्याने अशा भिंती आयुष्यभर पाहिल्या आहेत.

परदेशातली किटची पुस्तिका असं काही सांगत नाही आणि सांगणारही नाही. ती गृहीत धरते की जमीन हलत नाही. आपल्याकडे जमीन ऋतूप्रमाणे हलते. एकदा लेव्हल केलेलं टेबल वर्षभर लेव्हलच राहील हे वऱ्हाडात आणि वर्ध्याकडे धरून चालता येणार नाही.

उघडायचं की नाही

यावर घरात बरेच दिवस चर्चा चालली. पुतण्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. साडेतीनशेच्या वर रिव्हेट लागले होते. प्रत्येक रिव्हेट काढताना भोक मोठं होण्याचा धोका. पातळ पत्र्यात जुनं काम उघडल्याने नवीन इजा होऊ शकते, हे आमच्या धंद्यातही मान्य आहे. त्याचा पर्याय असा की पंख तसाच बंद करावा, मागच्या स्ट्रटच्या जोडाशी थोडं जुळवून घ्यावं आणि राहिलेला झुकाव एलेरॉनवर छोटी ट्रिमची पट्टी लावून काढावा. अशी जुळवाजुळव खरोखर केली जाते.

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की पट्टी झुकाव लपवेल, स्टॉल नाही लपवणार. सरळ उडताना विमान शांत वाटेल आणि पायलटला वाटेल की दोष गेला. उतरताना तो तसाच भेटेल. स्ट्रट ओढून बंद पेटी पिळायची म्हणजे जोडांमध्ये कायमचा ताण भरून ठेवायचा. आणि एक गोष्ट मी जरा जोराने बोललो: चाचणीच्या उड्डाणात पायलटला अनोळखी गोष्टी पुष्कळ असतात, आपल्याला माहीत असलेली एक गोष्ट त्यात जाणूनबुजून टाकायची नाही.

निर्णय मात्र माझ्या बोलण्याने झाला नाही. वहिनींनी, म्हणजे पुतण्याच्या बायकोने, वहीत दोन रकाने आखले, एकात उघडलं तर काय काय बिघडू शकतं, दुसऱ्यात नाही उघडलं तर काय. पहिल्या रकान्यातलं सगळं टेबलावर दिसणारं आणि दुरुस्त होणारं होतं. दुसऱ्यातलं हवेत कळणारं होतं. पुतण्याने वाचलं आणि म्हणाला, "उकलू मंग."

उघडण्याचं काम

पॉप रिव्हेट काढताना घाई केली की नुकसान होतं. आत अडकलेला खिळ्याचा तुकडा आधी बारीक पंचने खाली पाडायचा. तो पोलादी असतो, त्यावर ड्रिल धरलं तर ड्रिल घसरून पत्र्यावर जातं. मग रिव्हेटच्याच मापाचं, ३.२ मिलिमीटरचं ड्रिल कमी वेगात, फक्त डोकं सुटेपर्यंत. रिव्हेट ड्रिलबरोबर फिरायला लागला की थांबायचं, नाहीतर तो फिरत फिरत भोक लांबट करतो. डोकं उडालं की उरलेली नळी पंचने खाली ढकलायची. काकाजींनी पुतण्याला आधी टाकाऊ पत्र्यावर हे करायला लावलं, आयटीआयच्या पोरांना लावायचे तसंच.

बहुतेक भोकं शाबूत निघाली. ४१ भोकं मोठी झाली होती, तिथे पुढच्या मापाचा, ४ मिलिमीटरचा रिव्हेट घ्यायचा ठरला. पण मोठ्या रिव्हेटला कडेपासून अंतरही जास्त लागतं. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट, हा साधा नियम. ४ मिलिमीटरला ८. सहा ठिकाणी ते बसत नव्हतं. त्या सहांचे फोटो आणि मापं किट बनवणाऱ्यांना पाठवली आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे रिबच्या कडेला आतून जोडपट्टी दिली. स्वतःच्या अंदाजाने पट्टी ठोकली नाही, हे मला फार आवडलं. दुरुस्ती कोणत्या नियमाने केली याचा कागद असणं ही दुरुस्तीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

शेवटी पंखाच्या आतून एकेक चुरा आणि खिळ्याचा तुकडा काढला. पोलादाचा तुकडा अ‍ॅल्युमिनियमला चिकटून दमट हवेत राहिला की तिथे गंज धरतो, आणि बंद पंखात तो कोणाला दिसत नाही.

नवं टेबल

मुरमापर्यंत खड्डे घेऊन खांब उभे करावेत असं गवंड्याचं म्हणणं होतं. ते टिकाऊ झालं असतं, पण भर पावसाळ्यात गोदामाचा कोबा फोडायला कोणी तयार नव्हतं. काकाजींनी वेगळा मार्ग काढला. फिटरच्या कार्यशाळेत सरफेस प्लेट, म्हणजे मोजमापासाठीची सपाट पाटी, तीन टेकूंवर ठेवतात. तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. त्यातला एक वर गेला तर प्लेट कलते, पिळत नाही. चार किंवा सहा टेकू असले तर एकाच्या उचलण्याने पीळ पडतो.

जुनं टेबल उलटं करून खालून लोखंडी बॉक्स सेक्शनची चौकट आणि तिरक्या पट्ट्या जोडल्या, म्हणजे टेबल स्वतःच्या जोरावर ताठ झालं. पाय तीनच ठेवले: मुळाकडे दोन, टोकाकडे मधोमध एक, प्रत्येकाखाली स्क्रू जॅक. टोकाकडचे कोपरे कुणी टेकलं तर कलंडू नयेत म्हणून त्यांच्याखाली कोब्यापासून दोन बोटं वर थांबणारे आधार दिले. ते एरवी जमिनीला लागत नाहीत. जमीन आता हवी तेवढी फुगो, टेबल फार तर झुकेल, आणि झुकणं जॅकने काढता येतं. पश्चिमेला पन्हाळही लागलं, ते खरं तर गोदाम बांधलं तेव्हाच लागायला हवं होतं.

सांगाडा नव्या टेबलावर ठेवला. खालचा पत्रा असूनही तो हलक्या हाताने सरळ झाला. पोळ्यानंतर वरचा पत्रा बंद केला. त्या दिवशी नळीची मोजणी तीनदा झाली: क्लेको लावल्यावर, अर्धे रिव्हेट झाल्यावर आणि सगळे झाल्यावर. शेवटचा फरक दोन मिलिमीटर, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाच्या आत. बंद झालेला डावा पंखही त्याच नळीने तपासला, तो तेवढ्यातच निघाला. कोरड्या दिवसांत झाला होता तो.

आता घरात नियम आहे की कोणताही भाग बंद करण्याआधी ज्याने ड्रिल धरलं नाही अशा माणसाने मोजायचं, मोजणी ओळंब्याला किंवा पाण्याला धरून करायची, आणि वहीत दोघांच्या सह्या व्हायच्या. वहिनी सहीशिवाय रिव्हेटची पेटी देत नाहीत. हीच वही पुढे डीजीसीएच्या फायलीत जाणार आहे. भारतीय विमानांना मिळणारी व्हीटी अक्षरांची नोंदणी, तपासणी आणि परवानगी होईपर्यंत विमान जमीन सोडणार नाही, आणि सोडेल तेही शेतातून नाही, रीतसर धावपट्टीवरून, पंख सुटे करून ट्रॉलीने नेऊन. पुतण्याने हे गावातल्या पोरांना स्पष्ट सांगितलं आहे, कारण वावरातून विमान कधी उडणार हे विचारायला ती रोज येतात.

राहिली आडवी शेपटी. ती पहिल्या पावसाच्या आधी, पण जुन्याच टेबलावर आणि गेजच्याच भरवशावर बंद झाली होती. तिची नळीने मोजणी व्हायची आहे. पीळ निघाला तर तीही उकलायची, हे वहीत आधीच लिहून ठेवलं आहे.